एक बादली, एक फणी: तुरुंगातल्या बायकांच्या केसांची निगा

पहिल्या खेपेला मी बराकीतल्या पाचजणींच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि मोठ्या फुशारकीनं एस.टी.त बसून घरी आले. पंधरा दिवसांनी परत गेले तर त्याच पाचजणी डोकं खाजवत बसलेल्या. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "तू पाच डोस्के साफ केले व माय, पन आमी झोपतो तेवीसजनी एका रांगंत!"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं पार्लर आहे. महिन्यातून दोनदा, रीतसर परवानगीनं, मी विदर्भातल्या एका जिल्हा कारागृहाच्या महिला बराकीत जाते. गेले ते पार्लरचं काम शिकवायला. पण ज्या बाईला रोज जेमतेम एक बादली पाणी मिळतं, तिला फेशियल काय शिकवणार? म्हणून उवा, कोंडा, गुंता, केसगळती यातच माझे दिवस जाऊ लागले. तिथं शिकले ते इथं लिहितेय. आत मोबाईल नाही, तेव्हा हे वाचणार ती मुलाकातीला जाणारी बहीण, सासू, वहिनी, नाहीतर माझ्यासारखी आत जाऊन काम करणारी बाई. उपयोगाचं वाटलं तर कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून पत्रात टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसरी कुणीतरी वाचून दाखवते. आत पत्र एकटीचं राहतच नाही.

आधी, काय आत जातं

काचेचा आरसा, काचेची बाटली, कात्री, ब्लेड, रेझर, लोखंडी पिना, लांब रिबिनी यातलं काही आत जात नाही. माझा सामान भरलेला डबा पहिल्या दिवशी गेटवरच राहिला. स्टीलच्या शेपटीचा कंगवासुद्धा. तेव्हा मला राग आला होता, आता येत नाही. प्लास्टिकचा कंगवा, प्लास्टिकची फणी, तेलाची लहान प्लास्टिकची बाटली, शाम्पूच्या पुड्या, कापडी रबर यांना सहसा अडचण नसते. तरी प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी, म्हणून मुलाकातीच्या खिडकीवर आधी विचारून मग बाजारात जा. शिकेकाई-रिठ्याच्या सुट्या भुकटीच्या पुडीवर हटकून शंका घेतात. त्यापेक्षा कंपनीची बंद पुडी बरी. सगळ्यात सोपं म्हणजे आतल्या बाईच्या तुरुंगातल्या खात्यावर पैसे जमा करायचे आणि तिनं कँटीनमधून घ्यायचं.

बराकीतल्या बहुतेक जणी कच्च्या कैदी असतात, म्हणजे खटला चालू आहे, शिक्षा लागलेली नाही. अशा बाईला स्वतःचे कपडे आणि गरजेच्या वस्तू तपासणी करून घरून मागवता याव्यात, ही मुभा १८९४ च्या कारागृह कायद्यापासून चालत आली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मान्य केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत १८ वा नियम कैद्याच्या स्वच्छतेचा आहे. स्वाभिमानाला साजेसं नीटनेटकं राहता यावं म्हणून केसांची निगा राखायची सोय असावी, असं त्यात लिहिलंय. हे मी मुद्दाम सांगते, कारण तेल मागायलाही बाया लाजतात. "आपन गुन्हेगार, आपल्याले कायचा शाम्पू?" असं म्हणतात. तिथल्या मॅडमना नीट शब्दांत मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं. न मागता मात्र कुणी आणून देत नाही.

आणखी एक. उवा झाल्या की केस कापून टाकतील, या धास्तीनं बाया उवा लपवतात. बाईचे केस तिच्या संमतीशिवाय कापायचे नाहीत, असंच तुरुंगाचे नियम सांगतात. उवा, घाण किंवा आजार यामुळे डॉक्टरांना गरज वाटली तरच अपवाद, आणि तेव्हाही गरजेपुरतेच. ही गोष्ट बराकीत एकदा मोठ्यानं सांगितली की निम्म्या पदराखालची डोकी उघडी होतात.

उवा: सगळ्यांनी एकाच दिवशी

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. डोक्याबाहेर, रक्त न मिळता, एक-दोन दिवसांत मरते. लिखेतून पिल्लू बाहेर यायला साधारण ७ ते १० दिवस लागतात आणि त्या पिल्लाला अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी ९ ते १२ दिवस. सगळं गणित या आकड्यांवर आहे. माझं चुकलं ते इथंच. मी उवा काढल्या, लिखा राहिल्या, आणि शेजारणींच्या डोक्यातल्या तर जिथल्या तिथंच.

दुसऱ्या खेपेला आम्ही भिंतीवर खडूनं चार तारखा लिहिल्या: पहिला दिवस, पाचवा, नववा, तेरावा. त्या दिवशी सकाळी अख्खी बराक जोडीजोडीनं बसते. तेवीसजणींच्या अकरा जोड्या होतात आणि एक उरते, ती म्हातारी. तिचं डोकं मी घेतलं.

केस ओले करा आणि भरपूर खोबरेल तेल किंवा कंडिशनर लावा. तेलानं ऊ खात्रीनं मरत नाही, पण तिला पळता येत नाही आणि फणी घसरत जाते. आधी मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढा. मग बोटभर रुंदीची बट घ्या, फणी टाळूला टेकवा आणि टोकापर्यंत एका दमात ओढा. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा. पुसल्याशिवाय दुसरी ओढ घेतली की काढलेलं परत डोक्यात. कानामागं आणि मानेवर जास्त वेळ द्या, तिथंच त्यांचं गाव वसलेलं असतं. कमरेपर्यंतच्या केसांना पाऊण तास लागतो. त्याहून लवकर झालं म्हणणारी जोडी परत बसवायची.

टाळूला अगदी लागून तपकिरी लीख दिसली तर ती जिवंत धरा. अर्धा इंचाहून वर, पांढरी चकाकणारी असेल तर ते बहुधा रिकामं टरफल. तेवढ्यावरून कुणाला "तुह्या डोस्क्यात अजून हाय" असं हिणवू नका.

औषध हवं असेल तर तुरुंगाच्या डॉक्टरांकडे १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मागा. ते धुतलेल्या, फडक्यानं टिपलेल्या केसांना लावायचं, त्याआधी तेल किंवा कंडिशनर लावायचं नाही. १० मिनिटं ठेवून धुवायचं. नवव्या दिवशी पुन्हा एकदा, कारण लिखा त्याला दाद देत नाहीत. गरोदर बाई आणि तान्हं मूल यांचं डॉक्टरांना विचारूनच. त्यांच्यासाठी फणीच खरी. आईसोबत सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आत राहू शकतं, तेव्हा त्याचं डोकंही त्याच दिवशी बघायचं. लेकरू सगळ्यांच्या मांडीवर फिरतं.

त्याच दुपारी चादरी, उशांचे अभ्रे, ओढण्या धुऊन उन्हात. फण्या कडकडीत पाण्यात १० मिनिटं. ऊन आपल्याकडे उसनं आणावं लागत नाही, चैत्र-वैशाखात चंद्रपूर-अकोल्याकडं पारा ४५ च्या वर असतो. पावसाळ्यात वाळत नसेल तर कपडे पिशवीत बांधून दोन-तीन दिवस बाजूला ठेवले तरी चालतं.

आता खेड्यातल्या औषधांबद्दल, कारण सुटून घरी गेल्यावर हेच प्रकार होतात. रॉकेल लावू नका, टाळू भाजते आणि चुलीजवळ बसली तर जीव जातो. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे घरोघर वाटतात. ती डोळ्यात उतरली तर बुबुळाला जबर जखम होते, बाया रात्रभर तळमळतात. आणि कपाशीवरचं फवारणीचं औषध चुकूनही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांनी बघितलंय. ते विष कातडीतून आत जातं, आणि टाळू म्हणजे कातडीच.

एका बादलीत डोकं धुणं

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी ज्यांनी वापरलंय त्यांना सांगायला नको, साबण फेसाळत नाही आणि केसांचा दोरखंड होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर तयार होतो, तो केसांवर बसतो. त्यात कपड्याच्या वडीनं डोकं धुतलं की संपलंच. आत पुष्कळजणी तेच करतात, कारण हाताशी तीच वडी असते. शाम्पूच्या पुडीला जड पाण्यात असा थर धरत नाही, म्हणून पुडी ही चैन नव्हे.

बादलीत साधारण पंधरा तांबे पाणी येतं असं धरा. कोरड्या केसांतला गुंता आधी बोटांनी सोडवा, ओल्या केसांवर जोर केला तर केस तुटतात. दोन-तीन तांब्यांत केस भिजवा. पुडी थेट डोक्यावर रिकामी करू नका, अर्ध्या तांब्यात कालवा आणि ते पाणी टाळूवर सोडा. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. लांबीला वेगळा शाम्पू लागत नाही, उतरणाऱ्या फेसानं ती निघते. मग चार-पाच तांबे धुवायला. शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळून ओता, डोळे मिटून, आणि वरून अर्धा तांबा साधं पाणी. लिंबानं तो थर सुटतो, केस मोकळे होतात. उरलेल्या पाण्यात अंग धुवून होतं. दोघींनी मिळून धुतलं, एकीनं ओतलं आणि दुसरीनं चोळलं, तर दोन तांबे वाचतात. मी मोजलेत.

केस झटकू नका, जुन्या सुती फडक्यात दाबा. आणि सकाळीच धुवा. संध्याकाळी गिनती होऊन बराक बंद झाली की वारा नाही. ओला अंबाडा घालून झोपलं की टाळूला कुबट वास येतो, पावसाळ्यात तर बुरशी धरते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा पुरे.

कोंड्याचं थोडक्यात. कोंडा म्हणजे कोरडेपणा समजून बाया तेल थापतात. कोंडा वाढवते ती टाळूवरची बुरशी, आणि तिला तेलच आवडतं. तेल बंद करा, डॉक्टरांकडून २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू घ्या, आठवड्यातून दोनदा, ३ ते ५ मिनिटं ठेवून धुवा, महिनाभर. लेकराच्या डोक्यावर गोल चट्टा आणि त्यात केस तुटलेले दिसले तर तो गजकर्णाचा प्रकार. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून गोळी लागते, लगेच दाखवा.

जट

एक बाई होती. आली तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हती, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून. चार महिन्यांत मागच्या केसांचा भाकरीएवढा गोळा झाला होता. कुणी म्हणे देवीची जट आहे, हात लावू नका, कोप होईल. कुणी म्हणे कापून टाका एकदाची. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता. गळालेले केस बाहेर पडत नाहीत, आतच अडकतात, त्यात तेल, घाम, धूळ. देवीचा त्यात संबंध नाही. पण ही गोष्ट वाद घालून पटत नाही, म्हणून मी तो घालत नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्याजवळ नुसती बसले आणि शेजारणीचे केस विंचरले. दुसऱ्या खेपेला विचारलं, "हात लावू का?" ती म्हणाली, "माह्या केसायले कापू नको." तेवढंच. ठरलं. खोबरेल तेल कोमट करून गोळ्यात बोटांनी जिरवलं आणि रात्रभर तसंच ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारणीनं काम घेतलं, मी फक्त दाखवून आले होते. सुरुवात खालच्या टोकाकडून, मुळाकडून कधीच नाही. एका हातानं बट टाळूजवळ घट्ट धरायची म्हणजे ओढ तिथवर पोचत नाही. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गुंता उभा फाडत जायचा, कापूस पिंजतो तसा. आमच्या भागातल्या बायांना हे सांगावं लागत नाही, बोटांना सरकी काढायची सवय असते. मोकळ्या झालेल्या बटेची लगेच सैल वेणी घालायची, नाहीतर ती परत गुंत्यात शिरते. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही, मान दुखते आणि बाई वैतागते. अकरा दिवस लागले. मुठभर मेलेले केस निघाले आणि आत टाळूवर एक जखम निघाली, ती डॉक्टरांना दाखवली. जट दगडासारखी झाली असेल आणि खालची कातडी चिघळली असेल तर कापणंच बरं, पण ते तिला समजावून, तिनं हो म्हटल्यावर.

इतकी गप्प झालेली बाई दिसली तर तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घालाच. केस हे तिचं दुखणं नसतं.

केस गळतात

"आल्यापासून मुठी मुठी केस जातात" हे मी दर खेपेला ऐकते. रोज ५० ते १०० केस गळणं साधंच आहे. मोठा धक्का, ताप, बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी मात्र एकदम गळती लागते आणि सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. अटक झाली ती तारीख आणि केस जायला लागले तो महिना मोजून बघा, बहुतेकींचं जुळतं. हे कळलं की निम्मी भीती जाते.

दुसरं कारण रक्त कमी असणं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना ते आहे, तुरुंगात आणि बाहेरही. कँटीनमधून शेंगदाणे, फुटाणे, गूळ घ्या, जेवणात लिंबू पिळा. पण लोहाच्या गोळ्या मनानं चालू करू नका. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूर-नागपूरकडं, सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, बाया पुष्कळ आहेत. त्यांना लोह द्यायचं की नाही हे रक्त तपासूनच ठरतं. घरी सिकलसेलचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स मुलाकातीला जाताना घेऊन जा.

वेणी कपाळापासून करकचून ओढून घालायची सवय सोडा. सतत ओढून कपाळाकडचे केस कायमचे जातात. सैल वेणी, टोकाला कापडाची चिंधी, बस.

ब्लेड, दोरा, रंग

आत कुठूनतरी ब्लेडचा तुकडा येतोच, आणि तो दहाजणींत फिरतो. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान आठवडाभर तग धरतो, डोळ्यांना काही दिसत नाही. भुवयांना शिलाईचा दोरा उत्तम, प्रत्येकीला नवा, आणि दातात धरायचा असेल तर ज्याचा त्याचा. पुटकुळ्यांवरून दोरा फिरवू नका. काखेतले आणि खालचे केस काढलेच पाहिजेत असं काही नाही, स्वच्छ धुतले की झालं. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज. तिचं मलम वेगळं, ५ टक्के परमेथ्रिन, मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, आठवड्यानं परत, आणि इथंही शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच रात्री. काळ्या मेंदीच्या नावानं मिळणाऱ्या पुडीत रंगाचं रसायन असतं. ते सोसलं नाही तर तोंड सुजून डोळे मिटतात. कानामागं ठिपका लावून दोन दिवस वाट बघायची.

पेशीचा दिवस

कोर्टाची तारीख असली की बराकीत आदल्या दिवशी लगीनघाई. लेकरं दिसणार असतात, गावातलं कुणी आलेलं असतं. डोकं आदल्या दिवशी सकाळी धुवा, पेशीच्या पहाटे नाही, गाडी लवकर निघते आणि ओले केस दिवसभर बांधलेले राहतात. पिना खोचलेला अंबाडा घालू नका. जाताना-येताना महिला पोलीस केस मोकळे करून झडती घेतात, मग भर गर्दीत ते परत बांधता येत नाहीत. तीन पेडांची साधी वेणी घातली तर झडतीनंतर दोन मिनिटांत परत होते, आरसा लागत नाही.

आरशाचं निघालं म्हणून सांगते. जेवणाचं स्टीलचं ताट राखेनं घासून त्याची पाठ उजेडाकडं धरतात. तोंड थोडं पसरट दिसतं, पण भांग सरळ आहे की नाही ते कळतं. ताट धरायला एक लागते आणि विंचरायला दुसरी. जिची कधीच मुलाकात येत नाही, जिच्या खात्यावर पैसे नाहीत, तिच्याकडं तेलही नसतं. तुमच्या माणसासाठी पैसे पाठवताना दोन पुड्यांचे जास्तीचे पाठवा. शेजारणीच्या डोक्यात उवा राहिल्या तर तुमच्या माणसाच्याही राहणारच आहेत.

आणि ती सुटून येईल त्या दिवशी, लेकरांच्या शेजारी अंथरूण घालायच्या आधी, अंगणात पाटावर बसवून तिचं डोकं एकदा बघा. इतरांना तिथून उठवून, न बोलता, नव्या फणीनं. मग त्याच चार तारखा घरच्या भिंतीवर.